वैशाखातली पारख

परवा एका ओळखीच्या बाईंनी मोबाइलवर माळेचा फोटो पाठवला. गुलाबी, गोल, आरपार दिसणारे मणी, आणि खाली प्रश्न, 'खरं स्फटिक आहे का हो?' मी कळवलं की फोटोवरून कुणालाच सांगता येत नाही, माळ घेऊन या. तेवढं लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी मोबाइलच गालाला लावून बसले आहे. ही खोड मला इंदूमावशींनी लावली. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, तरी एखादा नवा मणी हातात आला की सेलूच्या बाजारओळीत जाऊन त्यांच्यासमोर धरावा, असंच पहिल्यांदा मनात येतं. मग आठवतं, आणि मणी डबीत परत जातो.

इंदूमावशी पटव्यांच्या घरातल्या. सोनाराने घडवलेल्या दागिन्यात रेशमाचा दोरा ओवायचा, मण्यामण्यात गाठ मारायची, मागे गोंडा बांधायचा, हे त्या घराचं पिढ्यांचं काम. नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने चालवलं. दुकान म्हणजे सोनाराच्या पेढीला लागून एक ओटा, वर पत्रा, भिंतीला खिळे आणि खिळ्यांवर काळ्या, लाल, पिवळ्या रेशमाच्या लडी. मावशी बुटक्या, आखूड बोटांच्या, नाकावर चष्मा कायम घसरलेला. दोरा ताणायला त्या तो उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवत आणि मांडी घालून दिवसभर तशाच बसत. त्या अंगठ्याला दोऱ्याने एक बारीक खाच पडली होती. "हे माह्यं आधार कारड," असं त्या ती खाच दाखवून सांगत.

मी तेव्हा तहसील कचेरीत कारकून म्हणून बदलून आले होते. संध्याकाळी करायला काही नाही म्हणून घरबसल्या कानातली-माळा करायचं खूळ डोक्यात घेतलं आणि मोबाइलवरून मण्यांची आठ-दहा पाकिटं मागवली. गाठी शिकायला म्हणून ती घेऊन मावशींकडे गेले. त्यांनी पहिलं पाकीट ताटलीत ओतलं.

"हे काय होय, मॅडम?"

"जांभळा स्फटिक आहे."

"कोन म्हनते?"

"पाकिटावर लिहिलंय."

मावशींनी पाकीट उलटसुलट करून नीट पाहिलं. "पाकीट बाकी मजबूत आहे," त्या म्हणाल्या.

मग एकेक मणी गालाला लावत त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत ढीग करायला सुरुवात केली. काच. काच. प्लास्टिक. हा दगड, पण रंगवलेला. शेजारच्या मुलीकडून नखांचा रंग काढायचं पाणी मागवलं, कापसाच्या बोळ्याने माझा एक निळा फिरोजा पुसला आणि तो पांढराफटक झालेला मला परत दिला. दहा पाकिटांतून खरे दगड निघाले ते मुठीत मावतील एवढे. मी रडकुंडीला आले, तर म्हणाल्या, "काचेले नावं नोको ठेवू. काचेचा बी दागिना होते. काच म्हनून घाल, मस्त दिसन."

त्या दिवसापासून मी रोज जायला लागले. मावशी मला अहो-जाहो करत नसत आणि 'मॅडम' म्हणणंही शेवटपर्यंत सोडलं नाही. "मॅडम, तू चहा घेशीन का वं?" असं ते चालायचं.

त्यांची शाळा म्हणजे बोलणं कमी आणि हातात मणी जास्त. काच हाताची ऊब पटकन घेते, स्फटिक बराच वेळ थंड राहतो. गालाची कातडी बोटांपेक्षा हुशार, म्हणून मणी गालाला लावायचा. उजेडात धरला तर काचेत बारीकसा गोल बुडबुडा दिसतो; दगडात दिसल्या तर रेघा, धुरकट सावल्या, पिसासारख्या भेगा दिसतील. स्फटिकाच्या मोठ्या मण्याखाली डोक्याचा एक केस ठेवला तर वरून दोन दिसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भोक. दगड दोन्ही बाजूंनी पोखरतात, त्यामुळे मधे कुठेतरी दोन भोकांची भेट किंचित चुकते. सुई तिथे अडखळते. "सुई अडखळली का समज, कोन्या मानसानं मेहनत केली आहे," मावशी म्हणत. साच्यातल्या काचेचं भोक मात्र सरळसोट.

भिंग त्यांच्याकडे होतं, नवऱ्याचं. ते त्या मुंग्या बघायला वापरत.

त्यांची एक रीत मला फार आवडायची. मंगळसूत्र गाठवायला आलेल्या बाईच्या गळ्यात त्या आधी हळकुंड बांधलेला पिवळा दोरा घालत आणि मगच जुना सर कापत. काम होईपर्यंत बाईने समोर बसायचं. कुणी 'तुटलं' म्हणालं की मावशी ऐकूच आलं नाही असं करत. 'वाढलं' म्हटलं की हात पुढे येई. अशा वेळी त्या त्या बाईला नवऱ्याविषयी विचारत. तो काय खातो, घोरतो का, चिडला की बोलतो का गप्प बसतो. सर पूर्ण होईपर्यंत बाई हसत असायची आणि नवऱ्याची सगळी लाज बाजारात निघालेली असायची.

एकदा कारंजा घाडगेच्या बाजूचा एक शेतकरी दुपट्ट्यात काहीतरी गुंडाळून आला. विहीर खोदताना काळ्या पाषाणात पोकळी लागली होती आणि आत खडेच खडे, चमचमणारे. गावात हिरा सापडल्याची बोंब झाली होती. त्याने रात्री झोप नाही म्हणून सांगितलं. मावशींनी खडा गालाला लावला. चहा मागवला. विहिरीला पाणी किती लागलं, बायको कशी आहे, पोरं किती, सगळं विचारलं. तो चहा पिऊन निवांत झाल्यावर म्हणाल्या, "हिरा नाई होय भाऊ, गारगोटी होय. पन थंड हाय पाह्य कशी. अन् तुह्या वावराची हाय. सोनाराच्या दुकानातला हिरा कोनाच्या वावरचा, कोनाले मालूम?" मावशींनी त्यातला एक लांबट खडा तांब्याच्या तारेने बांधून त्याच्या बायकोसाठी पदक करून दिलं. पुढच्या वर्षी नवरा-बायको दोघं भेटायला आले, तेव्हा ते पदक बाईच्या गळ्यात होतं आणि बाई ते सारखं पदराबाहेर काढत होती.

तर अशा ह्या इंदूमावशींचा एक कडक नियम होता. होळी झाली की दगड पारखणं बंद. आमच्या वर्धा जिल्ह्याचा उन्हाळा ज्याने अंगावर काढला आहे त्याला कारण सांगावं लागणार नाही. खुर्चीचा दांडा भाजतो, नळाचं पाणी भाजतं, तिथे गालाला थंड काय लागणार? "वैशाखात मले काई इचारू नोका," त्या येईल त्याला सांगत. माठात बुडवून बघा म्हटलं तर म्हणत, माठातून काढल्यावर काच बी दहा मिनिटं मोठ्या घरची होते. शेजारचा सोनार चिडवायचा, "मावशीची पारख मामाच्या गावाले गेली." मावशी दोरे ओवत राहत. लोक कित्येक महिने थांबत. त्यांच्या शब्दाला तेवढी किंमत होती.

तो नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो मी मोडायला लावला.

मे महिन्यातली दुपार होती, दीड-दोनची. वीज गेलेली. मी जेवणाच्या सुटीत मावशींच्या ओट्यावर पाणी पीत बसले होते. रंजना नावाची एक तिशीची बाई पाठीला पिशवी लावून आली. गावचीच मुलगी, सासरही इथलंच, पण नवरा सुरतेला कामाला म्हणून बिऱ्हाड तिकडे. आई गेली म्हणून आली होती, तेरावं झालं होतं, त्याच संध्याकाळी वर्ध्याहून सुरतेची गाडी होती. तिने पिशवीतून एक माळ काढली. मोठ्या पारदर्शक मण्यांची, जुनी, दोरा कुजलेला.

तिने सगळं सांगून टाकलं. आईने जाण्याआधी थोरलीला सोन्याची पोत दिली आणि हिला ही माळ. देताना म्हणाली होती, हे सोन्याहून मोठं आहे, माझ्या आईचं आहे. आता थोरली आणि तिच्या सासरचे हसत होते, की म्हातारीने धाकटीला काच देऊन वाटेला लावलं.

"मले माळेचं काई नाई, मावशी," रंजना म्हणाली. "मले फकत येवढं सांगा, मायनं मले खोटं देल्लं काय?"

मावशी म्हणाल्या, "आज नाई सांगू शकत, पोरी. ठेवून जाय. थंडीत सांगतो."

"मी आता कवा येईन काई भरोसा नाई."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मी, मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणाले, "मावशी, सांगून टाका ना. तिची गाडी जाईल. तुम्हाला काय, हात लावला की कळतं."

ह्यातलं शेवटचं वाक्य मला अजून टोचतं. स्तुतीला मावशी भुलणाऱ्या नव्हत्या, पण समोर ती मुलगी रडू आवरून उभी होती. मावशींनी माळ गालाला लावली. उन्हातून आलेली माळ, त्यांनी झटकन बाजूला केली, इतका चटका बसला. पुन्हा लावली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "काच होय, बेटा."

रंजना हसली. "मले वाटलंच होतं," म्हणाली.

काच तर काच, माळ नीट तरी करून देते म्हणून मावशींनी ती तिथेच पुन्हा गाठवली. घाईत, पण प्रत्येक मण्यामागे गाठ. एका मण्याच्या भोकाची कड तुटून धारदार झाली होती, तो दोरा कापत होता, म्हणून तेवढा बाहेर ठेवला. रंजना म्हणाली, टाकून द्या. मावशी काहीच टाकत नसत. तो त्यांच्या फुटकळ मण्यांच्या डब्यात गेला. रंजना माळ पिशवीत कोंबून स्टँडकडे निघाली आणि मी कचेरीत परत आले. संध्याकाळपर्यंत मी ती गोष्ट विसरूनही गेले होते.

डिसेंबर आला. सेलूची सकाळची थंडी, मावशी अंगावर दोन शाली घेऊन बसलेल्या. कुणाच्या तरी बाहुलीच्या माळेसाठी त्यांनी फुटकळ मण्यांच्या डब्यात हात घातला आणि तो तसाच आत राहिला. मी समोर होते. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं विंचू चावला.

त्यांनी तो मणी बाहेर काढला. कड तुटलेला. गालाला लावला, दुसऱ्या गालाला लावला, मग माझ्या. बर्फ. मावशींनी सुई घेऊन भोकात घातली. मधे अडखळली. कधी नव्हे ते भिंग मागितलं. भोकाच्या आत दोन बाजूंची भेट चुकलेली मलाही दिसली.

"साऱ्या गावाले भोक पाहाले लावतो," त्या म्हणाल्या, "अन् त्या दिवशी सुई अडखळली असन, तरी म्याच नाई पाह्यलं."

थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाल्या, "चटका बसला होता मले. कायच्यानं बसला? काच येवढी भाजत नाई. थंडीत जो जास्त थंड, तो उन्हात जास्त तापन ना. तो खरा होता म्हनून भाजला, अन् म्या त्याले त्याच्याच पायी खोटं ठरवलं."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं. "मॅडम, माळ गेली त गेली. ते पोरगी आपली माय खोटी होती असं समजून तिकडं जगून राह्यली. हे म्या केलं." त्यात मीही होते, हे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. एकदा म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग शोध सुरू झाला. आम्ही दोघी थोरल्या बहिणीकडे गेलो तर तिने दारातूनच सांगितलं की त्या दिवसापासून रंजनाचा फोन नाही, जुना नंबर बंद आहे, आणि झालं गेलं, आता माळेचं काय घेऊन बसलात. सासरच्या घराला कुलूप होतं, म्हातारा-म्हातारीही सुरतेलाच गेलेली. मावशी दर दिवाळीला जाऊन ते कुलूप बघून येत. मला त्यांनी एकच काम सांगितलं होतं. "तुह्या कचेरीत सारं गाव दाखला घ्याले येते. कधी ना कधी तिले लागनच. नजर ठेवजो."

मी चार वर्षं नजर ठेवली. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वारसाचा दाखला, प्रत्येक अर्जावरचं नाव आधी वाचायचं. त्या चार वर्षांत मावशींचे गुडघे गेले. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं, त्यानंतर मांडी घालून बसणं संपलं, आणि पायाच्या अंगठ्यापर्यंत हात पोचेना म्हणून गाठवायचं कामही संपलं. दुकान त्यांनी तरी उघडं ठेवलं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहत. दगड कुणी दाखवायला आणला तर म्हणत, "माह्यं मन नाई, मॅडमले दाखवा." मी पारखायची आणि त्या दुसरीकडे बघायच्या. त्यांचा हात पदराच्या गाठीवर असायचा. त्या गाठीत तो मणी होता.

मला वाटतं त्या काळात मी त्यांच्या सगळ्यात जवळ होते आणि सगळ्यात जास्त त्या मला तेव्हाच आठवत होत्या, म्हणजे आधीच्या, अंगठ्यात दोरा अडकवून बायकांना हसवणाऱ्या. माणूस समोर असताना त्याची आठवण येणं फार वाईट.

जानेवारीतल्या एका सकाळी मुलीच्या जातीच्या दाखल्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला. नाव वाचलं आणि वर पाहिलं. रंजना जाड झाली होती, केस पुढून पांढरे. मला तिने ओळखलं नाही. मी अर्ज घेतला, साहेबांना अर्ध्या तासात येते म्हणून सांगितलं आणि तिला म्हणाले, "इंदूमावशी तुमची वाट बघताहेत. चार वर्षं."

मावशींनी तिला लांबूनच ओळखलं. खुर्चीच्या दांड्यांवर जोर देऊन उभ्या राहिल्या. कसं आहे, पोरं काय करतात, काही विचारलं नाही.

"रंजना, म्या तुले चुकीचं सांगतलं होतं. तुह्या मायची माळ खरी होती. स्फटिक होतं, असल. तुह्या मायनं तुले खरं देल्लं होतं."

रंजनाने पदर सारखा केला.

"माळ घेऊन ये कधी. म्या सारे मनी तुले एकेक करून दाखवतो."

"माळ नाई, मावशी," रंजना म्हणाली. "त्याच दिवशी फेकली. एसटी पवनारच्या पुलावर आली अन् म्या खिडकीतून खाली नदीत टाकून देल्ली."

सेलूहून पवनार काही लांब नाही. म्हणजे आम्ही कुलपं बघत फिरत होतो तेव्हा, आणि त्याच्याही आधी, मी कचेरीत जाऊन पंख्याची वाट बघत बसले होते तेव्हाच, ती माळ धाम नदीच्या तळाशी गेली होती.

मावशींनी पदराची गाठ सोडायला घेतली. चार वर्षांची घट्ट गाठ, सुटेना. मी पुढे झाले तर मला बाजूला केलं. शेवटी मणी निघाला. त्यांनी तो रंजनाच्या गालाला लावला आणि हात तसाच धरून ठेवला.

"थंड हाय ना?"

"हो."

"येवढाच राह्यला," मावशी म्हणाल्या. आणि मग त्या वाकायला लागल्या. आधी मला वाटलं तोल गेला. त्या रंजनाच्या पायांकडे वाकत होत्या, आणि ऑपरेशनचे गुडघे वाकू देत नव्हते. रंजनाने दोन्ही कोपरांना धरून त्यांना वर घेतलं.

"असं नोका करू, मावशी. तुमी निदान मले माफी मागू शकता." तिचा आवाज चढलेला नव्हता. "चार वर्षं म्या मायच्या फोटोले हार घातला नाई. पोरीले सांगतलं, तुही आजी लबाड होती. आता म्या कोनाले मागू? माय त गेली."

मग मावशी खुर्चीत बसल्या, भिंतीवरून लाल रेशमाची एक लड मला काढायला लावली आणि रंजनाला पुढ्यात स्टुलावर पाठमोरी बसवलं. दोऱ्याचं एक टोक तिच्या हातात दिलं. "धरून ठेव, ढील नोको देऊ." तुटक्या कडेला त्यांनी मेण लावलं, मणी ओवला, दोन्हीकडून गाठ घेतली. ऑपरेशननंतर त्यांनी दोऱ्याला हात लावला नव्हता.

मला कचेरीत परतायचं होतं. तिचा अर्ज पुढे सरकवायचा होता. ओळीच्या टोकाला गेल्यावर मी मागे वळून पाहिलं. मणी रंजनाच्या गळ्यात आला होता आणि मावशी तिच्या मानेमागे शेवटची गाठ मारत होत्या. रंजनाची पाठ हलत होती. मावशींनी बोटं काढली नव्हती. एका गाठीला त्यांना इतका वेळ कधी लागत नसे.